माशांच्या टाकीतले दगड

किन्हवलीत आमच्या मागे राहणारा गवंडी बोलता बोलता समोरच्या भिंतीवरून तळहात फिरवायचा. कुठे खरखरीत लागलं की त्याचं बोलण्यातलं लक्ष उडायचं. त्याने एकदा कल्याणच्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराचं काम घेतलं. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी सिमेंटचे दगड हवे होते. सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवायचं, दगड सुकले की पाण्यात बुडवायचे. मीठ विरघळून भोकं पडतात, त्यांत मासे लपतात. याने सवयीने ओल्या दगडांवर थापी फिरवली, मीठ आत दबलं आणि भोकं पडलीच नाहीत. पाट्यासारखे गुळगुळीत दगड दुकानदाराने परत पाठवले. पुन्हा तसेच झाले तर काम जाणार होतं.

"हात थांबत नाय, वयनी," म्हणत तो थापी माझ्याकडे ठेवून गेला. "मागितली तरी देऊ नका."

संध्याकाळी आलाच. "जरा कडा मारतो, बस."

"मिळणार नाही. मुठीने दाबा आणि सोडून द्या."

या खेपेचे दगड वेडेवाकडे, भोकाभोकांचे निघाले. दुकानदाराने खूष होऊन सगळे टेम्पोत भरले, वर आणखी करायला सांगितले. गवंड्याने त्याला बाजूला घेतलं.

"शेट, हे मी केलंय ते इकडं कोनाला सांगू नका. गिलाव्याला कोन बोलावनार नाय."