डिंपनाने मागितलेली दुसरी पसंती

आमच्या तळ्याकाठच्या गावांतून काउंटी कौन्सिलवर, म्हणजे जिल्ह्याच्या सभेवर, कधीच कुणी निवडून आलं नव्हतं. दर हिवाळ्यात तळं रस्त्यावर चढायचं, आणि त्या पाण्यातून शाळेची बस सावकाश न्यायची डिंपना हेस्लिन, माझी शेजारीण. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, राग उशिरा येणारी. एका फेब्रुवारीत बस पाण्यात मधोमध बंद पडली. पोरांना ट्रॅक्टरवरून कोरड्यावर आणलं तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "बस झालं. आता मीच उभी राहते."

पक्ष नाही, पैसा नाही. खांबाखांबावरच्या फलकांत हसणारे चेहरे सगळे दुसऱ्यांचे.

आमच्याकडे मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत. नावांपुढे पसंतीक्रमाने आकडे घालतात, एक, दोन, तीन. एका मतदारसंघातून अनेक जण निवडून येतात, आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिका त्यावरच्या पुढच्या नावाकडे जातात. डिंपनाने याच वाटेने जायचं ठरवलं.

पहिलं दार म्हाताऱ्या बार्टली कन्बॉयचं. तो अंगणात मेंढी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "जोडे झिजवू नकोस, पोरी. या घराचं मत आजोबांपासून पक्षाचं. एक कीव्हनीला, दोन रॅटिगनला, दोघेही पक्षाचेच."

"एक राहू द्या तिथंच. मला दोन द्या."

"आणि रॅटिगन?"

"तीन. गेली कित्येक वर्षं खुर्चीवर आहे, पाय मोकळे करू दे की."

म्हातारा हसला. "तुझी आई अशीच. चहाला यायची आणि अख्खा पाव घेऊन जायची."

"मग मी चहा घेत नाही. फक्त तो दोनचा आकडा घेऊन जाते."

अशी दारं आम्ही वसंतभर वाजवली. चर्चच्या फाटकाशी कोलमन रॅटिगनने तिला चारचौघांत टोमणा मारला, "काय बाई, पहिली पसंती मागायचा धीर होत नाही का?"

"धीर आहे हो. लोकांची जुनी नाती मोडायला नको वाटतं."

मतमोजणी क्रीडागृहात झाली. पहिल्या फेरीत डिंपना खालून तिसरी. पण एकेक जण गळत गेला आणि गळणाऱ्याच्या गठ्ठ्यातून काही ना काही हिच्याकडे येत राहिलं. शेवटी एकच जागा उरली. रिंगणात रॅटिगन, कीव्हनी आणि डिंपना. कीव्हनी बाद झाला.

रॅटिगनने कोटाची बटणं लावली. त्याच्याच पक्षाची मतं ती, जाणार कुठे?

कारकून कीव्हनीच्या मतपत्रिका वाटू लागले. आम्ही कठड्यावरून वाकून पाहत होतो. एक मतपत्रिका रॅटिगनला. पुढच्या दोन डिंपनाला. पुन्हा डिंपनाला. तिचा गठ्ठा रॅटिगनच्या बरोबरीला आला, मग त्याच्या वर चढला.

अधिकाऱ्याने तिचं नाव विजयी म्हणून वाचलं आणि आम्ही तिला खांद्यावर उचललं. रॅटिगन हात मिळवायला आला. "माझ्याच घरात शिरून जेवलीस की."

"दार उघडं होतं, कोलमन. मी मात्र आधी वाजवलं होतं."

जूनची संध्याकाळ लांबलचक. तळ्याकाठी प्रत्येक तिठ्यावर तिच्या स्वागताच्या शेकोट्या पेटल्या होत्या. प्रत्येक शेकोटीशी डिंपना गाडीतून उतरली, हात हातात घेतले. शेवटच्या शेकोटीपुढे रस्ता तळ्याच्या कडेने जातो. तिथे ती कोरड्या डांबरावर पाय रोवून उभी राहिली आणि म्हणाली, "पहिल्याच सभेत हा रस्ता उंच करून मागते. कोण येतंय माझ्याबरोबर?"

ती त्या रस्त्याने निघाली, आणि सगळी गावं तिच्या मागे चालू लागली.