मिठाआधीचा प्रश्न

पन्नाशीच्या दशकात चिंचवडला आमचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. मुलगी सात वर्षांची झाली. एका दुपारी मी खिळे तोलत असताना बायको म्हणाली, "गुरुवारी तिला दाईकडे नेणार आहेत. टांग्यातून कुल्फी खायला जायचं, असं सांगून. मलाही असंच नेलं होतं."

आमच्या जमातीत मुलींचा खतना करतात. कापतात, एवढं मला मोघम ठाऊक होतं. किती दुखतं, पुढे काय काय भोगावं लागतं, हे लग्नाला नऊ वर्षं होऊनही मी विचारलं नव्हतं. तिने त्या दुपारी सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमच्या अम्मा म्हणतात, पुरुषांची मर्जी आहे. मग तुम्हीच विचारा."

आमच्याकडे एका थाळ्याभोवती आठ जण बसतात. घरातला वडीलधारा मीठ फिरवतो. ते सगळ्यांनी चाखल्याशिवाय कुणी घास घेत नाही. बुधवारी वडिलांनी मीठ पुढे केलं. मी हात मांडीवरच ठेवले.

"आधी सांगा, उद्या मुलीला नेणं ही मर्जी कुणाची?"

मोठ्या भावाने बिर्याणीकडे पाहिलं. "अरे, ते बायकांचं. जेव."

"बायका म्हणतात, तुमची."

"माझी? काय करतात तेही मला माहीत नाही."

मी सांगू लागलो. दुसऱ्याच वाक्याला त्याने कानांवर हात ठेवले. "जेवताना काय बोलतोस, राव?"

"जेवायला सुरुवात कुठे झालीय?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग आठही जण हसत सुटलो. वडिलांनी डोळे पुसत, बायका बसल्या होत्या त्या पडद्याकडे पाहून विचारलं, "अगं, हा हुकूम कुणाचा?"

आतून अम्मा म्हणाल्या, "तुमचाच की."

"मला विचारलंत कधी?"

"तुम्ही नको म्हणालात कधी?"

हसू थांबलं. बिर्याणीची वाफही गेली होती.

"आता म्हणतो," वडील म्हणाले. "या घरात नको. घे आता मीठ."

मी घेतलं.

गुरुवारी मुलगी सकाळीच नवा फ्रॉक घालून दारात उभी. तिला फक्त कुल्फी माहीत होती. टांगा आला. पुढे वडील, मागे आम्ही चौघं. एवढ्या ओझ्याने घोडा हलेना. शेवटी भाऊ उतरला आणि पिंपरी कॅम्पापर्यंत टांग्यामागून धापा टाकत चालत आला. वडील वळून वळून त्याला हाकारत होते, मुलगी टाळ्या पिटत होती.

कॅम्पात कुल्फी खाताना बायको सहज बोलून गेली, की लहानपणी तिला नेलं त्या दिवशी तिला कुल्फी मिळालीच नव्हती.

भावाने अजून आपली चाखली नव्हती. त्याने ती मुकाट तिच्यापुढे धरली. तिने दोन्ही खाल्ल्या.