भिंगबुवांचा निकाल

त्यांना सगळे भिंगबुवा म्हणायचे, अर्थात पाठीमागे. बँकेत एकतीस वर्षं चेकवरच्या सह्या ताडून ते निवृत्त झाले आणि माझ्या जुन्या वस्तूंच्या दुकानात खिडकीपाशी टेबल टाकून बसू लागले. नामवंतांच्या सह्या जमवणारे लोक दर शनिवारी यायचे. कुणाकडे खेळाडूचा सही केलेला सदरा, कुणाकडे गायिकेचा फोटो. बुवा भिंग लावायचे, कागद उलटा करून पेनाच्या दाबाचे वळ बोटाने चाचपायचे आणि खरी की खोटी ते सांगायचे. खोटी असली की समोरच्याच्या तोंडाकडे बघत सांगायचे. एक मास्तर चाळीस वर्षं जपलेली वही घेऊन आले होते. बुवा म्हणाले, "सतरा सह्या, मास्तर. सतराही एकाच पेनाच्या, एकाच बैठकीत केलेल्या." मास्तर वही तिथेच सोडून गेले.

एका शनिवारी बुवांच्या वहिनी आल्या. त्यांचे यजमान, म्हणजे बुवांचे थोरले भाऊ, वर्षभरापूर्वी वारले होते. ते इस्पितळात वॉर्डबॉय होते. रंगभूमीवरचा एक मोठा नट शेवटचे दोन महिने त्यांच्या वॉर्डात होता. त्याने त्यांच्या डायरीत 'तुमच्या हातांना नमस्कार' असं लिहून सही केली होती. ही गोष्ट भावाने जन्मभर सांगितली. आता नाट्यगृहात त्या नटाच्या वस्तू काचेआड मांडणार होते. तिथे हे पान लागावं, खाली यजमानांचं नाव यावं, एवढीच वहिनींची इच्छा होती.

"भाऊजी, तुमचा दाखला लागतो म्हणाले," असं म्हणत त्यांनी पान पुढे केलं.

दुकानात सात-आठ माणसं होती. बुवांनी बराच वेळ पाहिलं.

"ह्यांच्या सह्या मी शेकड्यांनी पाहिल्यात, वहिनी. एका झटक्यात करायचे. इथे पेन तीनदा थांबलंय. शाई साचलीय. भीत भीत काढलीय."

"आजारी होते ना ते. हात थरथरणारच."

"थरथरला तरी हात वळण विसरत नाही. इथे वळणच वेगळं आहे. दादाने घरी बसून केलीय ही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"यांनी मला खोटं का सांगावं?" वहिनींनी विचारलं.

"ते तुम्हीच शोधा. एक निघालं, आणखीही निघतील."

पान पिशवीत घालायला त्यांना फार वेळ लागला. त्या गेल्यावर मी म्हणालो, "शेवटचं वाक्य नको होतं."

बुवा भिंग पुसत होते. "आई मरेपर्यंत येईल त्या पाहुण्याला ही डायरी दाखवायची. मी अधिकारी झालो, ते तिने एकालाही सांगितलं नाही." त्याच बैठकीत त्यांनी नाट्यगृहाला पत्र लिहिलं: सही बनावट आहे.

सात महिन्यांनी त्या नटाची मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. त्यात इस्पितळात त्याने सह्या केलेले कागदही होते.

"बाबांची उजवी बाजू गेली होती," ती म्हणाली. "शेवटी डाव्या हाताने सही करायला शिकले. बाहेर कुणाला कळू दिलं नाही. वॉर्डातल्या माणसांकडूनही तसं वचन घेतलं होतं."

बुवांनी भिंग लावलं. पेन तीनदा थांबलेलं. शाई साचलेली. वळण तेच, वहिनींच्या पानावरचं. त्यांनी दाखला लिहून दिला आणि मला म्हणाले, "दुकान बंद करा. माझ्याबरोबर चला."

वहिनी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. भिंतीवर फोटो काढून टाकल्याची फिकट चौकट दिसत होती. बुवांनी सगळं सांगितलं, कागदाची झेरॉक्स पुढे ठेवली.

"ते पान आणा. ताडून दाखवतो."

"त्याच दिवशी फाडलं."

"मी चुकलो, वहिनी."

"बँकेत किती वेळा चुकलात?"

बुवांनी झेरॉक्स सरळ केली. मग म्हणाले, "एकदाही नाही."

"मग आत्ताच कसे चुकलात? माझी कीव आली म्हणून सांगताय. कळतं मला."

"वहिनी, मीही पाहिलंय, खरंच सांगतात ते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "रात्रपाळी आहे म्हणून जायचे, तेव्हा नक्की कुठे जायचे, हे शोधत बसले होते मी चार महिने. त्यांच्याबरोबरच्या नर्सबाईंच्या दारात जाऊन भांडून आले. आता कुठे शांत झालेय. पुन्हा सुरू करू नका, भाऊजी."

बुवांनी नाट्यगृहाला दुसरं पत्र लिहिलं: पान उरलं नसलं तरी त्या नटाची सेवा करणाऱ्याचं नाव तरी लावावं. पुरावा नसल्याचं उत्तर आलं. सोबत बुवांच्याच पहिल्या पत्राची प्रत जोडली होती.

पुढे ते दर महिन्याला वहिनींकडे जात. त्या चहा देत, नळाचं, जिन्यातल्या दिव्याचं बोलत. बुवांच्या तोंडून 'दादा' आलं की उठून आत जात आणि ते निघेपर्यंत बाहेर येत नसत. असं तीन वर्षं चाललं. मग वहिनी गेल्या. खोल्या रिकाम्या करायला मी गेलो होतो. भावाचा चष्मा नव्हता, पत्र नव्हतं, एक फोटोही नव्हता. बुवा कपाटाचे खण पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.