पंचमीची फुगडी आणि ताऱ्यांचं वय

परवा नागपंचमीला घाटनांदूरला गेले होते, थोरल्या जाऊबाईंकडे… आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. घरात शिरले तेव्हाच कळलं, सासू-सुनेचं बिनसलंय.

सून मेघना पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करते. सणाला आली, आणि अक्कांनी जाहीर केलं, आता परत जायचं नाही. पुतण्या, म्हणजे तिचा नवरा, नेहमीप्रमाणे मागच्या दारानं पसार.

"चांदण्यांची वयं काढती म्हणं! आमचंच वय कुनाला ठावं न्हाई. गुरुजींनी समद्यांचा जन्म एक जूनला लिवलाय." अक्का फणकारल्या.

मी जुनी बी.एस्सी. असली टवाळी मला खपत नाही. मेघनाला म्हटलं, डोळे पूस, अंगणात चल आणि सगळ्या बायकांसमोर समजावून सांग. सोप्या मराठीत.

अंगणात फुगड्या रंगल्या होत्या. मेघना सांगू लागली… सूर्यासारखा तारा तरुणपणी स्वतःभोवती वेगात फिरतो, वय वाढेल तसा मंदावतो. त्याच्यावर डाग असतात. डाग समोर आला की उजेड किंचित कमी होतो. तो डाग किती दिवसांनी पुन्हा समोर येतो ते बघायचं… त्यावरून वेग, आणि वेगावरून वय.

"म्हंजी फुगडीवानीच की!" शेजारीण म्हणाली.

मी लगेच मास्तरकी केली. "अगदी बरोबर. पोरी बघा कशा गरगरतात. आपण दोन फेऱ्यांत धापा टाकतो."

अक्कांना ते झोंबलं. त्यांनी पदर खोचला, सुनेचेच हात धरले आणि अशी फुगडी घातली की बांगड्यांचा नुसता खळखळाट… शेवटी मेघनाच "पुरे, पुरे" म्हणायला लागली.

"सांग आता माजं वय!"

मेघनाला हसू आवरेना. "नाही सांगता येत, आई! दोन तारे अगदी जवळ असले की एकमेकांना फिरवत ठेवतात. म्हातारा तारासुद्धा तरण्यासारखा फिरतो. तिथं आमचं गणित चुकतं."

अक्का ओट्यावर टेकल्या. सुनेचा हात काही सोडला नाही… मग म्हणाल्या, "जा पुन्याला. पन दर पंचमीला यायचं. न्हाईतर मी लई हळू पडंल."

काल मेघनाची एसटी सुटली. धपाट्यांचा डबा अक्कांनीच बांधला.

मी शिस्तीची बाई, फुगडीत कधी उतरत नाही. पंचमीच्या संध्याकाळी मात्र अंगणातल्या एका पोरीचे हात धरून चार फेऱ्या घातल्याच… माझंही वय आता चुकीचंच निघणार.