फोकसचा चौकोन

आमच्या यांचा स्टुडिओ घराच्या पुढच्या खोलीत आहे. खरं तर घरच स्टुडिओच्या मागे लटकलंय. आयुष्यभर लोकांची लग्नं टिपून यांची कंबर आणि उजवा अंगठा, दोन्ही कामातून गेलेत. अंगठ्याचं कारण म्हणजे कॅमेऱ्यातला फोकसचा बारीक चौकोन; तो जिथे असेल तेवढंच फोटोत स्पष्ट येतं. तो अंगठ्याने सरकवत माणसाच्या डोळ्यावर आणायचा आणि मगच बटण दाबायचं, ही यांची शिस्त. नवी मुलं सगळं कॅमेऱ्यावर सोडतात. तोच चेहरा हुडकतो, तोच चौकोन लावतो. हे त्यावर नाक मुरडायचे. कुणाकडे बघायचं हे यंत्राने मला शिकवायचं का, म्हणायचे.

या वर्षी अंगठा इतका सुजला की हातात चमचा धरवेना. मग यांनी कुणाला न सांगता ते आपोआपचं सेटिंग लावून टाकलं. मला कळलं, पण मी बोलले नाही. थकलेल्या माणसाला किती टोचायचं?

गावाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात सासूबाईंचा एकही धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की त्या तोंड फिरवायच्या. "मेल्यावर भिंतीवर लावायला हवाय ना तुला?" असं लेकाला तोंडावर विचारायच्या. हे वर्षानुवर्षं मागे लागले होते. शेवटी आजारपणातून उठल्यावर, मला वाटतं नाही म्हणायचाही कंटाळा येऊन, त्या म्हणाल्या, काढ बाबा एकदाचा.

हे नेमके लग्नाचं काम उरकून आले होते, पायात गोळे आलेले. तरी पिशवी खाली न ठेवता तसेच उभे राहिले. सासूबाई खुर्चीत बसल्या, मागे भिंतीवर सासऱ्यांचा मोठा फोटो. खोलीत उजेड बेताचाच. यांनी पाच-सहा फोटो काढले, कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर बघितले, ठीक वाटले.

"झालं ना? आता परत माझ्या मागे लागायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्या झोपेतच गेल्या.

पाहुणे पांगल्यावर यांनी ते फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. सासऱ्यांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. पुढे बसलेल्या सासूबाई मात्र धुरकट, ओल्या काचेपलीकडे असल्यासारख्या. त्यांची मान जरा वळलेली, चष्म्यावर चमक. कॅमेऱ्याला तो चेहरा वाटलाच नाही. त्याने मागच्या भिंतीवरचा सरळ बघणारा चेहरा पकडला. सगळ्या फोटोंत तेच. चौकोन कुठे लागलाय हे यांनी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. मला कॅमेऱ्याचा राग आला, यांचा आला, सासूबाईंचाही आला. मग नुसतंच रडू आलं.

यांनी उठून प्रिंटर सुरू केला. फोटो लहान केला की धूसरपणा लपतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मोठा काढला, बाजूला ठेवला. मग पोस्टकार्डाएवढा, मग पासपोर्टचा. दुपारभर ते आईला लहान लहान करत बसले.

शेवटी अंगठ्याच्या नखाएवढा एक तुकडा कापून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

"बघ, आता आई नीट दिसतेय."

त्या आकारात कुणाचीही आई नीट दिसली असती.

"दिसतायत," मी म्हणाले.