पावतीवर नाव भाऊसाहेबांचं

"बाजूले सर बे. फोटोत येऊन राह्यला तू."

भाऊसाहेब असं म्हणाले, अन् मी सरलो. अमरावतीच्या शोरूमचं आवार. नवी कोरी नऊ सीटची जीप. बोनेटवर झेंडूचा हार, चारही चाकांखाली लिंबं. नारळ भाऊसाहेबांनी फोडला, चावी भाऊसाहेबांनी घेतली, पेढा भाऊसाहेबांच्या तोंडात गेला. मी त्यांच्या चपला सांभाळत उभा होतो, कारण नारळ फोडताना त्यांनी त्या काढून ठेवल्या होत्या.

गाडी माझी होती. तिच्यासाठी भरलेले साठ हजार माझे होते. त्यात अकरा वर्षांची ड्रायव्हरकी होती अन् माझ्या बायकोची, कांताची, गळ्यातली पोत अन् कानातले मोडून आलेले पैसे होते.

मग फोटोत भाऊसाहेब कसे?

त्याआधी मी माझ्याच नावानं कर्ज मागितलं होतं. फायनान्सवाल्यांनी चौकशीला माणूस पाठवला. आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. त्या माणसानं पारावर माझं नाव विचारलं. पारावरच्यांनी नुसता हात केला, बौद्धपुऱ्याकडे. तो आमच्या दारापर्यंत आला, पण मोटारसायकलवरून उतरला नाही. कांतानं पाण्याचा तांब्या पुढे केला. "नको, आत्ताच पिलो," म्हणाला. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं अन् त्याचे ओठ कोरडे पडले होते. त्यानं घराकडे पाहिलं, दारावरच्या निळ्या झेंड्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं अन् गाडी वळवली.

आठ दिवसांनी अमरावतीच्या ऑफिसात साहेब म्हणाले, "तुमच्याकडे सातबारा नाही. जुनं कर्ज नाही. बँकेत व्यवहार नाही. आम्ही विश्वास ठेवायचा कशावर?"

मी म्हटलं, "साहेब, कोणाचा एक रुपया बुडवला नाही."

"बुडवायला आधी कोणी द्यावा लागतो ना," साहेब म्हणाले, अन् बाजूच्या टेबलावरचे दोघे हसले. मग त्यांनीच तोड सांगितली. "कोणाकडे चालवता? त्यांच्या नावावर घ्या. सगळे ड्रायव्हर तसंच करतात."

खरंच तसंच करत होते. गाडी मालकाच्या नावावर, हप्ता ड्रायव्हरचा, अन् मधे शब्द. मी भाऊसाहेबांकडे गेलो. अकरा वर्षं त्यांचीच गाडी चालवत होतो.

"काहून नाई? तू तं घरचाच आहे," ते म्हणाले.

घरचा. माझा चहाचा कप त्यांच्या ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. पिऊन झाला की मीच धुऊन ठेवायचो. त्या दिवशी कप धुतला, कोनाड्यात ठेवला अन् भाऊसाहेबांच्या पाया पडलो. हे लिहिताना आजही लाज वाटते. कोणी पाडलं नव्हतं मला. मी आपणहून पडलो होतो.

शोरूममधून गाडी घेऊन घरी आलो तेव्हा कांता गाडीभोवती एक चक्कर मारून आली. समोरच्या काचेवर भाऊसाहेबांनी त्यांच्या वडिलांच्या नावाची पट्टी लावून घेतली होती. 'आबांची कृपा.' मला तिथे 'जय भीम' लिहायचं होतं. "ते नोको. मंग प्याशिंजर बसत नाई," असं भाऊसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"मंग गाडी कोनाची आली?" कांतानं विचारलं. "आपली का त्याईची?"

"आपलीच. नाव फक्त त्याईचं."

ती मोकळ्या कानांवरून पदर पुढे ओढून आत गेली.

चार वर्षं नांदगाव ते अमरावती गाडी हाणली. हप्ते अठ्ठेचाळीस. दर महिन्याला मी स्वतः फायनान्सच्या ऑफिसात खिडकीपुढे उभा राहायचो, नोटा मोजून द्यायचो. आतला माणूस पावतीवर भाऊसाहेबांचं नाव लिहायचा. पावत्या मी खताच्या प्लास्टिक पिशवीत घडी करून ठेवायचो. एकही हप्ता चुकला नाही. कांता मलेरियानं तापली होती त्या महिन्यातसुद्धा नाही. आधी हप्ता भरला, मग सलाईन लावली.

ती वर्षं आमच्या भागातली वाईट वर्षं होती. कपाशी जळत होती, माणसं फवारणीचं औषध पीत होती. अमरावतीच्या दवाखान्यातून चिरफाड झालेली मयत मी याच गाडीतून कितीदा गावी आणली. मयतीचं भाडं कधी घेतलं नाही. पुढे कर्जमाफी आली तेव्हा पारावर पेढे वाटले. आमच्या पुऱ्यात कोणी वाटले नाहीत. ज्याला कोणी कर्जच दिलं नाही, त्याचं काय माफ करणार? त्या वर्षांत सारा मुलूख कर्जापासून पळत होता अन् मी कर्ज मागत दारोदार फिरलो होतो. आमची गरिबीसुद्धा मोजायच्या लायकीची नव्हती.

शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी खिडकीतल्या माणसानं एक खोकं दिलं. आत भिंतीवरचं घड्याळ. वर छापलं होतं, 'उत्तम ग्राहकास सप्रेम भेट.'

"भाऊसाहेबांना द्या," तो म्हणाला.

मी नेऊन दिलं. भाऊसाहेब म्हणाले, "लाव तिथी." भिंतीत खिळा मीच ठोकला. शेजारी शोरूममधला फोटो होता. भाऊसाहेब, चावी, हार. अन् अगदी कडेला एक कोपर. ते माझं होतं. मी सरलो होतो, पण पुरता सरलो नव्हतो.

गाडी नावावर करून द्या म्हटलं की भाऊसाहेब म्हणायचे, पोळा होऊ दे. मग दिवाळी होऊ दे. मग, "नावात काय ठेवलं? चालवते तं तूच ना?" तेवढ्यात त्यांच्या पोराला नवी कार आली. कर्ज दोन दिवसांत मंजूर. रेकॉर्ड चांगला होता म्हणे.

ते वर्ष असंच गेलं. म्हटलं, जाऊ दे, आता आपल्या नावानं एक जुनी गाडी घेऊ. अकोल्याच्या जुन्या शहरात जुन्या गाड्यांचा धंदा करणारे एक चाचा होते. त्यांनी गाडी दाखवली, चहा पाजला, स्वतःच्याच कपात. म्हणाले, "गाडी तो अभी दे देता, बाबा. पहले तेरे नाम पे फायनान्स होता क्या, वो देख के आ."

तिथल्या फायनान्सच्या ऑफिसात एक तरुण बाई होत्या. बोलायला चांगल्या होत्या. बसा म्हणाल्या. कंप्युटरमध्ये माझं नाव टाकलं.

"तुमचं तर काहीच येत नाही."

मी पिशवी उलटी केली. अठ्ठेचाळीस पावत्या टेबलावर. त्यांनी एकेक पाहिली.

"यावर नाव त्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "पैसे भरायला कोण आलं होतं, ते आम्ही लिहीत नाही." मग मदत करायची म्हणून म्हणाल्या, "त्यांच्याच नावावर घ्या ना परत. त्यांचा स्कोअर फार छान आहे."

पावत्या गोळा करून पिशवीत कोंबल्या. राग त्या बाईंचा नव्हता. स्वतःचा होता. चार वर्षं घाम माझा, मोडलेली पोत कांताची, अन् पत वाढली ओसरीवर बसलेल्या माणसाची. अन् ती त्याच्या हातात मीच नेऊन दिली होती, नेमानं, दर महिन्याला.

परत आलो तो थेट भाऊसाहेबांच्या ओसरीवर. त्यांना खबर आधीच लागली होती.

"अकोल्याले कायले गेला बे? सांग, कितीची पाह्यजे. सई करून देतो."

"तुमची सई नोको, भाऊसाहेब. माही गाडी माह्या नावावर करा."

"माजला का बे?"

मी कोनाड्यातला कप उचलला अन् अंगणातल्या दगडावर फोडला. बाहेर येऊन दाढीच्या ब्लेडनं काचेवरची 'आबांची कृपा' खरवडून काढली. सगळी निघेपर्यंत अर्धा तास लागला. ओसरीवरून ते पाहत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी चोरल्याची तक्रार दिली. कागद त्यांच्या नावाचे. पोलिसांनी गाडी नेली. मला एक रात्र बसवून ठेवलं अन् सोडलं.

आता मी रोजीनं दुसऱ्याचा ट्रक चालवतो. गाडी माझी म्हणून मी कोर्टात केस टाकली. पावत्या वकिलाकडे आहेत. तारखा पडतात. घरात कांतासाठी हप्त्यावर शिलाई मशीन घेतली. अर्ज भरायला मी पेन उघडला, तर ती म्हणाली, "पावतीवर नाव कोनाचं लिवनार?"

पेन हातातच राहिला. पोत तिची गेली होती, कानातले तिचे गेले होते, अन् तिचं नाव कोणत्या कागदावर होतं? भाऊसाहेबांनी माझं केलं ते मी तिचं करायला निघालो होतो. पेन तिच्या हातात दिला. तिनं सही केली. वेळ लागला, पण स्वतःच्या नावाची केली.

गेल्या महिन्यात भाऊसाहेबांनी निरोप पाठवला. "येऊन पाया पड, केस मागं घे, गाडी घेऊन जाय."

पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी उभी आहे. टायर बसले, सीटा उंदरांनी खाल्ल्या. तारखेला जाताना मी तिच्याजवळ थांबतो. काचेवर पट्टी खरवडल्याचे ओरखडे अजून आहेत.

सडू दे. सुटेल तेव्हा माझ्या नावानं सुटेल. पाया एकदा पडलो, आता पडणार नाही.