दारापुढचा पांढरा दगड

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता जुने कागद पुढे आल्याशिवाय आठवत नाहीत. एका साध्या मोटारसायकल अपघाताची फाईल मात्र मला पानापानासह आठवते, कारण त्या फाईलमधलं सगळ्यात महत्त्वाचं पान मी स्वतः चुकीचं लिहिलं होतं.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शहरात सहायक पोलीस निरीक्षक होतो. शहर कसलं, वाढलेलं गावच ते. घरं दुमजली-तिमजली झाली, दारोदार चारचाकी आली, पण गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या होत्या तशाच राहिल्या. त्यावर लोकांनी आपला उपाय काढला होता. ज्याने त्याने आपल्या दारापुढे, सरकारी रस्त्यावर, दोन मोठे दगड ठेवायचे, त्यांना चुना फासायचा आणि मधली जागा स्वतःची समजायची. गाडी बाहेरगावी गेली तरी दगड जागचे हलायचे नाहीत. "माझ्या दगडाच्या आत त्यानं गाडी लावलीच कशी?" अशी तक्रार घेऊन माणसं इतक्या ठामपणे ठाण्यात येत की वाटावं, सातबाराच घेऊन आलेत. मी चिडायचो, दोघांना ताकीद द्यायचो आणि दगड हे नगरपालिकेचं काम आहे म्हणून मोकळा व्हायचो.

एका सोमवारी सकाळची हजेरी चालू असताना सरकारी दवाखान्यातून खबर आली. महादेवाचं दर्शन घेऊन परतणाऱ्या साठीच्या एका बाईंना त्यांच्याच दाराजवळ मोटारसायकलने पाडलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं. मोटारसायकलवाला पळाला नव्हता. त्यानेच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात आणलं होतं आणि तिथे जमलेल्या लोकांचा मारही खाल्ला होता.

बाईंचे यजमान गावातले जुने किराणा व्यापारी. लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणत. कपाळावर भस्म, स्वच्छ पांढरे कपडे, शब्दाला वजन. मी कागद घेऊन बाईंच्या खाटेजवळ बसलो. आप्पांनी सांगितलं, मी लिहिलं. पोरगा भरधाव वेगाने आला, त्याने निष्काळजीपणे धडक दिली, वगैरे. वाचून दाखवलं, बाईंनी सही केली. जखमीचा जबाब झाला. अशा प्रसंगी बाईमाणूस दुखण्याने बेजार असते, घरचा कर्ता सांगतो, आपण लिहून घेतो. आमच्याकडे ही रीतच होती आणि तीत काही वावगं आहे असं मला त्या दिवसापर्यंत कधी वाटलं नव्हतं.

गुन्हा नोंदवून पोराला ठाण्यात बसवलं. नेकनूरकडच्या एका खेड्यातला, पंचविशीच्या आतला. सरकारी खात्यात वाहनचालक म्हणून त्याची निवड झाली होती आणि महिन्याच्या आत त्याला रुजू व्हायचं होतं. चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती.

"किती पळवत होतास बे?" आमच्या हवालदाराने विचारलं.

"आईच्यान साहेब, वीस-तीसच्या वर न्हाई. पुढून शाळेची गाडी आली, म्हणून मी कडंला घेतली. दगडावर चाक चढलं अन् गाडी लोळली. काकू कडंनंच येत होत्या, त्यांच्या अंगावर गेली."

"कुठला दगड?"

"रस्त्यावरचा. चुना लावलेला."

अपघातानंतर तासाभरात मी दोन पंच घेऊन घटनास्थळाचा पंचनामा केला होता. जिथे मोटारसायकलच्या दिव्याची काच फुटून पडली होती तिथे दगड नव्हता. तसं मी त्याला सांगितलं. तेव्हा पोराचा बांध फुटला.

"डायवरच्या नोकरीला डायवरकीचीच केस, साहेब. मला कोण घेईल आता? दगड व्हता हो तिथं."

मला त्याची दया आली, पण विश्वास बसला नाही. इतक्या वर्षांत मला एकही चालक असा भेटला नव्हता ज्याच्या आडवं कुत्रं, खड्डा नाहीतर दगड आला नव्हता. त्याला जामिनावर सोडलं आणि दोषारोपपत्राच्या तयारीला लागलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदार जेवायला बसले होते म्हणून मी उचलला. बाईचा आवाज होता, दबका.

"साहेब, आप्पाच्या दारापुढं दोन दगड होते. आता एकच कावून हाय, तेवढं इचारा."

नाव विचारेपर्यंत फोन ठेवला गेला होता.

मी उठलो आणि आधी ठाण्याच्या आवारात गेलो. लिंबाखाली जप्त केलेली मोटारसायकल उभी होती. पुढच्या रिमला पोचा आहे हे मी पंचनाम्यात लिहिलंच होतं. पण लिहिताना मी उभा होतो. आता खाली बसून पाहिलं, तर पोच्यात आणि टायरच्या कडेला पांढरा चुना घट्ट बसलेला. बोटाने खरवडला तर नखाखाली आला. मला स्वतःचा भयंकर राग आला. त्या कपाळकरंट्या पोराला मी खोटारडा ठरवून बसलो होतो.

तिथून गल्लीत गेलो. प्रत्येक दारापुढे दोन-दोन पांढरे दगड, आप्पांच्या दारापुढे एक. दुसऱ्याच्या जागी जमिनीत बसलेली ओलसर खोबण तेवढी शिल्लक होती. काच फुटली होती तिथून दोन पावलांवर. शेजाऱ्यांना विचारलं. एकाला दिसतच नव्हतं, एक त्या दिवशी धारूरला गेला होता, एकीला काही आठवेना. त्यांचं मला नवल वाटलं नाही. आप्पांच्या दगडाबद्दल बोलायचं म्हणजे स्वतःच्या दगडाबद्दलही बोलावं लागणार होतं.

महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेऊन दवाखाना गाठला. आप्पा खाटेशी बसलेले. मी बाईंना म्हणालो, "काकू, तुमच्या दारापुढे दगड किती होते?"

काकूंनी तोंड उघडलं आणि आप्पा बोलले, "एकच होता साहेब. लई वर्सांपासून एकच हाय."

मी दुसरा प्रश्न विचारला. काकूंनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा आप्पा बोलले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोमवारीही असंच झालं होतं. त्या दिवशी काकूंच्या तोंडून मी एक शब्दही ऐकला नव्हता. जखमीचा जबाब म्हणून जे कागदावर होतं त्यात सहीपलीकडे जखमीचं काहीच नव्हतं.

मी आप्पांना डॉक्टरांकडून एक्स-रेचे कागद आणायला पाठवलं आणि स्टूल खाटेजवळ ओढलं.

"काकू, आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय दिसलं?"

त्या म्हणाल्या, "त्या लेकराची काय चूक न्हाई. त्यो हळूच येत होता. दगडावर चढला अन् माझ्यावर पडला. दगड आमचाच हाय."

"कशासाठी ठेवला होता?"

"पोराच्या गाडीसाठी. पोरगं पुण्याला असतंय. दिवाळीला येतंय, कवा उन्हाळ्यात येतंय." मग त्या दुखण्यातही किंचित हसल्या. "अन् त्याची गाडी बसत न्हाई साहेब तिथं. गाडी लई लांबडी हाय. त्यो चौकातच लावतो. मी ह्यांना कितीदा म्हणलं, काढा तो दगड, मलाच रोज वळसा घालून रस्त्यात उतरावं लागतंय. तर म्हणतात, जागा सोडली की दुसरा बळकावतो."

"हे सोमवारीच का नाही सांगितलं?"

"तुमी मला इचारलंच न्हाई की."

महिला कॉन्स्टेबल खाली मान घालून लिहीत होती.

मागे हालचाल झाली. आप्पा कागद घेऊन दारात उभे होते. किती ऐकलं कोण जाणे, पण त्यांचा चेहरा उतरला होता. गावात ज्यांच्या शब्दावर दोन पंच डोळे मिटून सही करत, ते आप्पा भिंतीला टेकून खाली बसले.

"मीच उचलला साहेब. त्यो पोरगा अन् लोक हिला घेऊन दवाखान्यात आले, मी मागं राहिलो अन् दगड मागच्या अंगणात नेऊन टाकला. पोत्याखाली हाय." त्यांनी डोळे पुसले. "पोरगं येणार होतं हिला बघायला. तुमच्या दगडानं आई मोडली म्हणला असता तर काय तोंड दाखवलं असतं मी?"

"अन् त्या लेकराचं काय व्हणार व्हतं?" काकू म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण आप्पांनी मान वर केली नाही.

पंचांसमक्ष दगड ताब्यात घेतला. एका कडेचा चुना उडालेला आणि तिथे टायरचा काळा ओरखडा. काकूंचा पुरवणी जबाब घेतला, आप्पांचाही घेतला. पोराविरुद्धची तक्रार वस्तुस्थितीच्या गैरसमजातून झाली असा अहवाल न्यायालयात पाठवला आणि तो मंजूर झाला. आप्पांवर रस्त्यात अडथळा केल्याबद्दल स्वतंत्र कारवाई केली. त्यांनी न्यायालयात निमूट गुन्हा कबूल केला. मुदत संपायला चार दिवस असताना पोरगा नोकरीवर रुजू झाला. जाण्याआधी तो काकूंना भेटून गेला, असं हवालदाराने सांगितलं. माझ्याकडे आला नाही. यावं असं काही मी त्याच्यासाठी केलंही नव्हतं.

त्या आठवड्यात नगरपालिकेचा ट्रॅक्टर नेऊन सगळ्या गल्लीतले दगड उचलले. दोन महिने रस्ता मोकळा होता, म्हातारी माणसं कडेने चालत होती. मग एकाने कुंडी ठेवली, दुसऱ्याने जुनं टायर, आणि माझी बदली झाली तेव्हा बरेचसे दगडही परत आले होते. लोकांच्या या हट्टाला माझ्याकडे तेव्हाही औषध नव्हतं.

माझी स्वतःची सवय मात्र मी मोडली. निवृत्त होईपर्यंत जखमी बाईचा जबाब घेताना मी नातेवाइकाला खोलीत थांबू दिलं नाही, मग तो कितीही मोठा असो. नव्या उपनिरीक्षकांनाही हेच सांगत आलो आणि ते मान डोलवत आले. पण त्या सोमवारच्या आधीही माझी वीसेक वर्षं नोकरी झाली होती. त्या वर्षांत किती खाटांशेजारी बसून मी नवऱ्याचं, सासऱ्याचं, भावाचं बोलणं बाईचा जबाब म्हणून लिहून घेतलं असेल, आणि माझ्या त्या सुवाच्य अक्षरापायी किती पोरांचं आयुष्य वाया गेलं असेल, हे मला आता कुणीही सांगू शकणार नाही.